जुन्या फोर-बाय-फोरमध्ये पुन्हा पुन्हा येणारा इलेक्ट्रिकल बिघाड: पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं

नवी बॅटरी टाकली, काही दिवस गाडी छान चालली आणि मग एका सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता 'कट्' असा आवाज. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) खोलून दुरुस्त करून आणला, पुन्हा थोडे दिवस बरे गेले, मग हेडलाइट मंद. स्टार्टर बदलला, तेव्हाही तेच. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी सांभाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा या साच्यातली असते: बिघाड जातो आणि परत येतो.

असा बिघाड बहुधा पार्टमध्ये नसतोच. तो दोन पार्टांच्या मधल्या वाटेत असतो, म्हणजे बॅटरीच्या क्लॅम्पमध्ये, लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी), अर्थिंगच्या पट्टीत (करंट बॅटरीकडे परत नेणारी वाट), फ्यूजच्या पाकळ्यांमध्ये किंवा कुणीतरी पूर्वी टेप गुंडाळून ठेवलेल्या सांध्यात. पार्ट बदलताना त्याच्या वायरी सुटतात, टर्मिनल घासलं जातं, नट नव्याने घट्ट होतो. तेवढ्यानेच करंटला वाट मिळते आणि आपल्याला वाटतं की नव्या पार्टने काम झालं. कंपनाने तो सांधा पुन्हा ढिला झाला, आत पुन्हा गंज चढला की बिघाड हजर. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी मोजा, मग खोला. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, 21 वॅटचा एक बल्ब आणि जंपर केबल एवढ्यावर यातले बहुतेक बिघाड सापडतात.

फोर-बाय-फोरला हा त्रास जास्त होतो, त्याला तिची बांधणीही कारण आहे. बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये शिडीसारखी चासी खाली आणि बॉडी तिच्यावर रबराच्या माउंटिंगवर बसवलेली असते. इंजिनही रबरावरच. रबर करंट वाहून नेत नाही. त्यामुळे बॅटरीचा निगेटिव्ह, चासी, इंजिन आणि बॉडी हे चारही भाग एकमेकांना फक्त दोन-तीन वायरींनी किंवा विणलेल्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्यात चिखल, पाणी, दगडी रस्त्यांची आदळआपट आणि नंतर लावलेले जादा दिवे, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), हॉर्न यांची भर पडते.

गाडीचं व्होल्टेज आणि रंग आधी ओळखा

फार जुनी गाडी असेल तर हे गृहीत धरू नका. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप 6 व्होल्टची होती. लष्करी वापराच्या बऱ्याच गाड्या आणि काही डिझेल लँड क्रूझर 24 व्होल्टच्या आहेत. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थिंग असे, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडलेला. अशा गाडीत सवयीने निगेटिव्ह चासीला लावला तर डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) आणि नंतर लावलेला रेडिओ यांचं नुकसान ठरलेलं.

वायरींच्या रंगांचंही तसंच. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा करंट आणि काळी म्हणजे अर्थिंग. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर हीच अर्थिंगची असते. टोयोटाच्या गाड्यांमध्ये पांढऱ्यावर काळी रेघ असलेली वायर अर्थिंगला जाते. एका गाडीची सवय दुसरीवर चालवली की फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसलेल्या सर्किटमध्ये वायरच जळते. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा. तो मिळाला नाही तर प्रत्येक वायर रंगावरून न ओळखता मीटरने ओळखा.

पुढचे सगळे आकडे 12 व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थिंग धरून आहेत. 24 व्होल्टच्या गाडीत बॅटरीचे आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरा.

बॅटरी

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मीटर लावा. 12.6 च्या वर असेल तर पूर्ण चार्ज, 12.4 च्या आसपास पाऊण, 12.2 ला साधारण निम्मी, 12 च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकाम्या बॅटरीवर पुढच्या कुठल्याच चाचणीला अर्थ नाही. आधी चार्जरवर लावून ती पूर्ण भरा.

मग सेल्फ मारताना तेच मोजा. आकडा 10 व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरी ठीक. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली असू शकते किंवा स्टार्टर गरजेपेक्षा जास्त करंट ओढत असेल. पण खरी मेख इथे आहे: खुंटांवर 11.5 व्होल्ट टिकून आहेत आणि तरीही इंजिन सुस्त फिरतंय, तर बॅटरीला हात लावू नका. करंट वाटेत अडतोय, त्यामुळे बॅटरीवर ताणच येत नाही. नवी बॅटरी घेऊनही 'परत तेच' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकीच्या दिशेला जातात.

अर्थिंग: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इथे मीटर ओहमवर लावून उपयोग नाही, आणि का ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. स्टार्टर साधारण 200 अँपिअर ओढतो असं धरा. वाटेतल्या एका गंजलेल्या सांध्यात फक्त 5 मिलिओहम रोध असेल तरी तिथे 1 व्होल्ट खर्ची पडतो. साधा मीटर 5 मिलिओहम दाखवूच शकत नाही, तो शून्यच म्हणतो. उलट एकच तार शिल्लक राहिलेल्या केबलमधूनही मीटरला पूर्ण 12.6 व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः नगण्य करंट घेतो. 'इथपर्यंत करंट येतोय' असं म्हणताना आपण खरं तर फक्त व्होल्टेज पाहिलेलं असतं. करंट वाहत असतानाच मोजलं पाहिजे.

ते असं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. डिझेल असेल तर इंधन पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (इंधन चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वायर काढा, पेट्रोल असेल तर इग्निशन कॉइलला येणारी करंटची वायर काढून तिचं टोक टेपने झाका, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर दाबून धरा. लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या स्वच्छ धातूवर. आता दुसऱ्या माणसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा.

0.2 व्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग चांगलं. 0.5 च्या वर असेल तर तुमचा बिघाड तुमच्या हातात आला. आता त्याच वाटेचे तुकडे करा. काळी सुई जागेवर ठेवून लाल सुई निगेटिव्ह क्लॅम्पवर लावा, पुन्हा सेल्फ. मग लाल सुई जिथे केबल चासीला बोल्टने बसली आहे तिथल्या लगवर, मग शेजारी चासीच्या उघड्या धातूवर, मग इंजिनवर. ज्या दोन बिंदूंच्या मध्ये आकडा एकदम उडी घेतो, बिघाड तिथेच. खुंट आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले, वरून चकचकीत, आणि त्यांच्या मध्येच 0.8 व्होल्ट निघतात, हे मी पाहिलं आहे. क्लॅम्प काढल्यावर आतल्या बाजूला काळपट, कडक थर होता. पॉलिश पेपरने खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू शिसं पांढरं दिसेपर्यंत घासली आणि तोच आकडा 0.03 वर आला.

पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजायची: लाल सुई पॉझिटिव्ह खुंटावर, काळी स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर, आणि सेल्फ. इथे 0.5 व्होल्टपर्यंत चालतं, कारण मध्ये स्टार्टरच्या सोलेनॉइडचे (जाड करंट जोडणारा विजेचा स्विच) संपर्क किंवा मेन स्विचही असू शकतो. विंचसाठी लावलेला कट-ऑफ स्विच असेल तर त्याच्या दोन टोकांवर वेगळं मोजा. या स्विचचे आतले संपर्क जळून काळे होतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

मीटर नसेल किंवा मोजायला दुसरा माणूस नसेल तर जंपर केबलची एक वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर. सेल्फ मारा. इंजिन एकदम जोमाने फिरलं तर अर्थिंगच दोषी, बाकी काही उघडू नका.

इंजिन आणि चासीमधली पट्टी पूर्ण तुटली तर एक धोकादायक प्रकार होतो, तो माहीत असावा. स्टार्टरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल किंवा चोकची तार. सेल्फ मारल्यावर यापैकी एखादी केबल गरम लागत असेल, तिचं प्लास्टिक वितळलेलं असेल किंवा अॅक्सिलरेटर अचानक अडकू लागला असेल, तर गाडी चालवण्याआधी इंजिनची पट्टी पाहा. नुसती केबल बदलली तर नवी केबलही तशीच जळेल.

दिव्यांचे चमत्कारिक वाटणारे खेळही बहुधा अर्थिंगचेच असतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग दिवा त्याच तालावर लुकलुकतो. डिपर दिला की एक हेडलाइट उजळण्याऐवजी दोन्ही फिलामेंट मंद लाल होतात. मागच्या दिव्यात 21 आणि 5 वॅटचे दोन फिलामेंट एकाच अर्थिंगवर असतात. ते अर्थिंग गेलं की ब्रेकचा करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा वाहत शेजारच्या सर्किटला जाऊन परत येतो. असं दिसलं की बल्ब आणि स्विच सोडा. दिव्याच्या अर्थिंगपासून चासीपर्यंत एक तात्पुरती वायर जोडा. खेळ थांबला की काम तिथेच.

डॅशबोर्डवर इंधनाचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी वर सरकत असतील, हेडलाइट लावल्यावर आणखी वर जात असतील, तर इंजिन तापलेलं नसून मीटरचं अर्थिंग किंवा व्होल्टेज स्टॅबिलायझर गेलेला असण्याची शक्यता मोठी. (तापमानाबद्दल शंका असेल तर आधी रेडिएटर आणि इंजिन प्रत्यक्ष तपासा. काट्यावरचा अविश्वास इंजिनच्या जिवावर बेतू नये.) जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये हा छोटा स्टॅबिलायझर मीटरना सरासरी 10 व्होल्ट देतो. त्याचं स्वतःचं अर्थिंग सुटलं तर तो पूर्ण बॅटरी व्होल्टेज पुढे सोडतो आणि दोन्ही काटे खोटं बोलू लागतात. एकच काटा चुकत असेल तर मात्र त्याचा सेन्सर किंवा सेन्सरची वायर पाहा.

पट्ट्या बसवताना रंग खरवडून धातू उघडा करा, दात असलेला वॉशर घाला, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं नको. माझं मत विचाराल तर वीस वर्षांहून जुन्या गाडीत बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि चासी ते बॉडी या तिन्ही पट्ट्या सरळ नव्या टाकाव्यात. विणलेली पट्टी बाहेरून धड दिसली तरी आतल्या तारा हिरव्या पडून ठिसूळ झालेल्या असतात.

चार्जिंग

इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर ठेवून बॅटरीच्या खुंटांवर मोजा. 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. हेडलाइट, पंखा, वायपर सगळं चालू करूनही 13.5 च्या खाली जाऊ नये. कमी असेल तर लगेच अल्टरनेटर काढू नका. लाल सुई अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर ठेवून मोजा. तिथे 14.3 आणि बॅटरीवर 13.3 असेल तर अल्टरनेटर आपलं काम नीट करतोय, मधली वायर 1 व्होल्ट खातेय. ज्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर अँपिअर मीटर आहे, तिथे चार्जिंगचा सगळा करंट केबिनमध्ये येऊन परत जातो. त्या मीटरच्या मागचे दोन नट ढिले पडले की तिथे उष्णता होते, लगच्या बाजूचं इन्सुलेशन काळं पडतं आणि गाडी कधी चार्ज होते, कधी नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढून हे दोन नट हाताने हलवून पाहा.

चार्जिंगचा लाल दिवा नुसता इशारा देत नाही, बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये त्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचं एक्सायटेशन (वीज बनवायला लागणारा पहिला करंट) मिळतं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना हा दिवा पेटलाच पाहिजे. बल्ब गेला असेल तर अल्टरनेटर जागा होत नाही किंवा इंजिन खूप फिरवल्यावरच होतो. त्या जागी एलईडी लावला तरीही हाच त्रास होऊ शकतो, कारण त्यातून पुरेसा करंट जात नाही. तिथे मूळ वॅटचा साधा बल्बच ठेवा.

आता मीटर एसी व्होल्टवर लावा आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. 0.5 व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर अल्टरनेटरचा एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे. असा अल्टरनेटर दिवसा जेमतेम चार्ज करतो आणि रात्री त्याच डायोडमधून बॅटरी उतरवतो, त्यामुळे दोन वेगळे बिघाड आहेत असा भास होतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर चालतोय का' बघायची पद्धत अजून चालते. ती कृपया सोडा. बॅटरी निघाली की व्होल्टेजचे झटके बसतात आणि रेग्युलेटर, डायोड, रेडिओ एका क्षणात जाऊ शकतात.

रात्रीत उतरणारी बॅटरी

सगळं बंद करा, किल्ली काढा, दाराचे स्विच दाबून बांधा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात. निगेटिव्ह क्लॅम्प काढून मीटर क्लॅम्प आणि खुंट यांच्या मध्ये घाला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइटही लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.

कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाडीत घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढंच असतं, त्यामुळे 20 मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. 50 पर्यंत सोडून देता येतं. 0.4 अँपिअर दिसले तर तो 5 वॅटच्या एका बल्बचा करंट आहे: ग्लोव्ह बॉक्स, बॉनेटखालचा दिवा किंवा मागच्या दाराचा दिवा. तेवढा करंट दिवसाला जवळजवळ 10 अँपिअर-तास नेतो, म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत सेल्फ मारू शकत नाही. गाडी रोज चालवली तर हे कळतही नाही, सुट्टीत उभी राहिली की कळतं.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर आकडा पडेल ते सर्किट. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर फ्यूज नसलेल्या वाटा उरतात: अल्टरनेटर, स्टार्टर, इग्निशन स्विच आणि नंतर थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोक झाका, पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला तर वर सांगितलेला अल्टरनेटरचा डायोडच.

फ्यूज कधी उडतो, कधी नाही

मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे. फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे दिलेला असतो. तो वाढवला की त्याच्याऐवजी हार्नेस (वायरींचा जुडगा) जळतो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब दोन वायरी आणि दोन चपट्या टर्मिनलने जोडा. या बल्बमधून दोनच्या आत अँपिअर जातात, त्यामुळे शॉर्ट कायम असला तरी वायर तापत नाही. सर्किट चालू करा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर पुढे कुठेतरी करंट थेट अर्थिंगला जात असण्याची शक्यता मोठी. मंद पेटला तर तो त्या सर्किटच्या नेहमीच्या भारातून जातोय. आता बल्ब दिसेल असा टांगून ठेवा आणि हार्नेस एका टोकापासून हलवत चला. जिथे हात लावल्यावर बल्ब भक्कन उजळतो किंवा विझतो, तिथे टेप सोडवा. बंद पडल्याशिवाय न सापडणारा बिघाड धरायची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

आधी या जागा बघा: ट्रेलरचा सॉकेट आणि त्याची वायर, मागच्या दाराच्या बिजागरीजवळ रोज दुमडणाऱ्या वायरी, इंजिन खोली आणि केबिनमधल्या पत्र्याचं भोक जिथे रबर ग्रोमेट निघून गेलेलं असतं, चासीवरच्या पत्र्याच्या क्लिपा, सायलेन्सरच्या पाइपशेजारून गेलेला हार्नेस आणि स्टिअरिंग कॉलम. ट्रेलर सॉकेट तर मी इतर कशाच्याही आधी सोडवून बाजूला करतो. चिखलात सर्वांत खाली तोच असतो आणि त्याची वायर बहुतेकदा नंतर कुणीतरी ओढलेली असते.

मंद हेडलाइट

55/60 वॅटचे दोन बल्ब अप्परवर साधारण 10 अँपिअर घेतात. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो. बल्बच्या पिनांवर, दिवा चालू असताना, मागून सुई घालून मोजा. बॅटरीवर 13.8 आणि बल्बवर 12.2 असेल तर उजेड किती जातो ते लक्षात घ्या: व्होल्टेज 10 टक्क्यांनी उतरलं की उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. इथे 100 वॅटचे बल्ब टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, स्विच वितळतो. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) लावा. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर, 87 वरून बल्बला, 86 ला जुन्या स्विचची वायर, 85 अर्थिंगला. मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट राहतो. बल्बचं अर्थिंगही त्याच वेळी नवं करा, नाहीतर अर्धंच काम होईल.

पाण्यातून गेल्यावर

गरम दिवा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. कनेक्टरचंही तसंच. वायरच्या तुटक्या टोकातून पाणी इन्सुलेशनच्या आतून, तारांच्या फटींतून वर चढतं आणि फूटभर आत तांबं हिरवं-काळं करून ठेवतं. बाहेरून वायर नव्यासारखी दिसते. म्हणूनच काही बिघाड पाण्यातून गेल्यावर लगेच न येता काही आठवड्यांनी येतात आणि आपण त्यांचा पाण्याशी संबंध लावत नाही. शंका असलेल्या वायरचं टोक थोडं सोला. तांबं लालसर चमकदार हवं. काळं असेल तर स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, आणि फार मागे जावं लागलं तर ती वायर पूर्ण बदला.

खारं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढा. चिखलातून आल्यावर अल्टरनेटर आणि स्टार्टर बाहेरून धुवा, पण प्रेशरचा फवारा थेट त्यांच्यावर मारू नका, गाळ ब्रशपर्यंत जातो. पेट्रोल गाडी नंतर अडखळत असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतली ओल पुसा.

डिझेल बंद पडणं आणि फोर-व्हीलचा दिवा

जुनी डिझेल गाडी चालता चालता झटकन बंद पडते आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, तेव्हा लोक इंधनाच्या मागे लागतात. हळूहळू दम तोडत बंद पडली तर इंधन पाहा. दिव्याचं बटण दाबल्यासारखी बंद पडली तर पंपावरचं स्टॉप सोलेनॉइड पाहा. त्याला किल्ली चालू असेपर्यंत 12 व्होल्ट मिळत राहायला हवेत. किल्ली फिरवताना तिथे 'टक्' असा आवाज येतो. वायर एका छोट्या नटावर असते आणि इंजिनच्या थरथरीने ती लगच्या तोंडाशीच तुटते, इन्सुलेशनमुळे जागेवर दिसते मात्र. त्या वायरला टेस्ट लॅम्प जोडून तो केबिनमध्ये आणा. गाडी बंद पडताना दिवाही विझला तर बिघाड मागे, म्हणजे फ्यूज, वायर किंवा इग्निशन स्विचच्या संपर्कात. दिवा पेटलेलाच राहिला तर सोलेनॉइड किंवा इंधन.

ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तपासताना सगळ्यांना जोडणारी पट्टी आधी काढा, नाहीतर चांगला प्लग वाईट प्लगला झाकतो. प्रत्येकाचा रोध साधारण 0.5 ते 1.5 ओहम येतो. अनंत दाखवला तर प्लग गेला.

फोर-व्हील टाकल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही म्हणजे फोर-व्हील लागलंच नाही असं नाही. बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) एक साधा दाबाचा स्विच असतो, तो वायरला अर्थिंग देतो आणि दिवा पेटतो. स्विचची वायर काढून चासीला टेकवा, किल्ली चालू ठेवून. दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक, स्विच किंवा त्याचा प्लंजर अडकलाय. स्विचला दोन वायरी असतील तर त्या दोन एकमेकींना जोडून पाहा.

दिवा लुकलुकत राहतो आणि पुढची चाकं ओढत नाहीत, तर पुढचा अॅक्सल जोडणारी यंत्रणा पाहा. ती व्हॅक्यूमवर चालणारी असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्हला करंट येतो का आणि तो टकटक करतो का हे आधी. करंट येत असेल तर रबराच्या बारीक नळ्या तपासा. त्या इंजिनच्या उष्णतेने तडकतात आणि बऱ्याचदा बिघाड इलेक्ट्रिकल नसून त्या नळीचा निघतो. ट्रान्सफर केस मोटरने बदलणारी गाडी असेल तर बॅटरीचं व्होल्टेज कमी असतानाही ती अर्ध्यात अडकते, म्हणून बॅटरी आणि अर्थिंग झाल्याशिवाय मोटर उघडू नका. हे सगळं तपासताना पार्ट-टाइम फोर-व्हील (फक्त गरजेपुरतं लावायचं फोर-व्हील) असलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवू नका, मातीवर तपासा.

सांधा कसा बांधायचा

तारा पिळून वर टेप, हा सांधा जुन्या गाडीत टिकत नाही. नुसत्या सोल्डरबद्दलही मी सावध असतो: सोल्डर तारांमधून वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि कंपनाने नेमकी त्या कडेला तुटते. योग्य मापाची लग, चांगल्या पकडीने क्रिम्प (लग वायरवर दाबून घट्ट करणं) आणि वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी हे सगळ्यात टिकाऊ. क्रिम्प झाल्यावर वायर हाताने जोरात ओढून पाहा. निघाली तर ती आत्ताच निघाली हे बरं. मूळ वायर न कापता तिला चावा घेणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा कुणी लावल्या असतील तर त्या काढून टाका, कारण त्या तारा अर्धवट कापतात आणि तिथूनच पाणी आत जातं.

दुरुस्ती झाल्यावर पहिली चाचणी पुन्हा करा, तीच सुई त्याच जागी, इंजिन गरम असतानाही एकदा. गार इंजिनवर 0.1 आणि गरम इंजिनवर 0.4 येत असेल तर सांधा अजून नीट बसलेला नाही, तो पुन्हा उघडा. आकडे तारखेसह एका कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी गाडी कुणीही उघडली तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.